आडनावाला रक्त नसते

आपल्याकडे नवख्या माणसाची ओळख करून घेण्याची एक ठरलेली रीत आहे. प्रथम आडनाव विचारले जाते. समोरचा 'पवार' म्हणाला की पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, "कुठले पवार?" हा दुसरा प्रश्न आपण इतक्या सहजपणे विचारतो की त्यात दडलेली कबुली ध्यानात येत नाही. आडनाव कळले तरी माणूस कळलेला नाही, ही ती कबुली होय. खुद्द 'आडनाव' हा शब्दही तेच सुचवतो. आडवाट, आडरान, आडवळण या शब्दांतला 'आड' मुख्य गोष्टीच्या बाजूची गोष्ट दाखवतो. नाव मुख्य, आडनाव बाजूचे. भाषेने ही पायरी केव्हाच ठरवून टाकलेली आहे.

अलीकडे मात्र दुसरा प्रश्न मागे पडत चालला असून पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातच सारा इतिहास सापडेल अशी समजूत वाढते आहे. अमुक आडनावाचे गोत्र, देवक, वंश आणि 'मूळ ठिकाण' सांगणारे मजकूर मोबाइलवरून घरोघर पोहोचतात, आणि मूळ ठिकाण बहुतेक वेळा राजस्थानात किंवा माळव्यात निघते. थुंकीचा नमुना पाठवला की पूर्वजांचे टक्केवार कोष्टक हाती ठेवणाऱ्या खासगी प्रयोगशाळा आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेल्यापासून जुन्या दप्तरांत 'कुणबी' नोंदी शोधण्याचे काम जिल्ह्याजिल्ह्यांत सुरू झाले आणि वंशावळ हा शब्द घरातल्या वडीलधाऱ्यांच्या गप्पांतून तहसील कचेरीच्या अर्जात आला. मोडी वाचता येणाऱ्यांना कधी नव्हे ते दिवस आले. शिरूर आणि दौंड या आमच्या दोन तालुक्यांतही हेच चित्र आहे. मराठीचे विद्यार्थी वर्गात विचारतात, "सर, आमचं आडनाव कुठून आलं?" प्रश्न रास्त आहे. त्यामागे 'आमचे रक्त कुठून आले' हा जो दुसरा प्रश्न उभा असतो, त्याच्याविषयी मात्र सावधपणे बोलायला हवे. आडनाव हा रक्ताचा दाखला नव्हे. ती कोणीतरी, कधीतरी, कशासाठी तरी केलेली नोंद आहे. ती वाचण्याचे काम साहित्याच्या अभ्यासकाचे आहे, असे आमचे मत आहे.

प्रथम गावापासून सुरुवात करू. 'कर' प्रत्ययाची आडनावे गावावरून पडतात हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ती गावात पडत नाहीत, गाव सोडल्यावर पडतात, ही गोष्ट मात्र सहसा कोणी बोलून दाखवत नाही. दौंडमध्ये राहणाऱ्याला दौंडकर म्हणण्याचे कारण नाही. तिथे सगळेच दौंडचे. दौंडकर हे आडनाव शिरूर आणि खेडच्या बाजूला आढळते याचे नवल वाटायला नको. 'कर' हा वास्तव्याचा पुरावा म्हणून आपण वाचतो. वस्तुतः तो स्थलांतराचा पुरावा आहे. शिवाय तो संदिग्धही आहे. शिरूर नावाची गावे महाराष्ट्रात थोडीथोडकी नाहीत. बीड जिल्ह्यात शिरूर कासार आहे, लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ आणि शिरूर ताजबंद आहेत, आणि आमचे शिरूर घोडनदीच्या काठचे. एखाद्याचे आडनाव शिरूरकर असले तर त्याचा पूर्वज कुठल्या शिरूरहून निघाला हे आडनाव सांगत नाही. दोन शिरूरकरांचे नाते लागतेच असे नाही. दोन गावांचे नाव एक असले एवढेच त्यातून सिद्ध होते.

याच्या उलट प्रकार आमच्या तालुक्यात ठळकपणे दिसतो. तळेगाव ढमढेरे, पिंपळे जगताप, मांडवगण फराटा ही शिरूर तालुक्यातली गावे पाहावीत. इथे आडनावाने गावाचे नाव घेतलेले नसून गावाने आडनाव घेतले आहे. तळेगावे अनेक, पिंपळे अनेक. तेव्हा हे तळेगाव कोणते, तर ढमढेऱ्यांचे. गावच्या वतनाशी, पाटीलकीशी, सरदारकीशी जे घराणे जोडले गेले त्याचे नाव गावाच्या नावाला कायमचे चिकटले. त्या गावात इतर कुळे नव्हती असे मुळीच नाही. बलुतेदार होते, अलुतेदार होते, गावकुसाबाहेरची वस्ती होती. पण गावाच्या नावात जागा मिळाली ती एकाच आडनावाला. म्हणजे आडनाव इथे काय सांगते? जमिनीवर आणि मानपानावर कोणाचा हक्क होता, ते सांगते. रक्ताचे अक्षरही त्यात नाही.

दौंड तालुक्यात पाटसच्या परिसरात शितोळे आडनावाची दाट वस्ती आहे. त्याच आडनावाचे अंकलीचे शितोळे सरकार आज कर्नाटकात असलेल्या बेळगाव भागातले. आळंदीहून पंढरीला जाणाऱ्या ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्यातले घोडे त्यांच्याकडून येतात. देशमुखी, सरदारकी आणि जहागिरी यांच्या वाटांनी आडनावे कशी पसरतात याचा हा नमुना आहे. भीमेकाठचे आडनाव कृष्णेकाठी जाते ते माणसांबरोबर, चाकरीबरोबर, सनदेबरोबर. आडनावांचा नकाशा काढायचा तर तो मोहिमांचा, वतनांचा, दुष्काळांचा आणि पुढे रेल्वेचा नकाशा होईल.

आता पवारांकडे वळू. सर्वांत जास्त वंशकथा याच आडनावाभोवती रचल्या गेल्या आहेत. माळव्यात परमार घराणे राज्य करीत होते आणि धार ही त्याची राजधानी होती. अकराव्या शतकातला भोज राजा याच घराण्यातला. १३०५ मध्ये अलाउद्दीन खिलजीच्या सैन्याने माळवा जिंकला आणि परमारांची सत्ता संपली. त्यानंतर चार शतके उलटल्यावर, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, मराठ्यांच्या मोहिमांबरोबर पवार सरदार माळव्यात गेले आणि धार व देवास येथे त्यांची राज्ये उभी राहिली. हे पवार आमच्या शेजारच्या पारनेर तालुक्यातल्या सुप्याचे. घोडनदीच्या अलीकडे मलठणलाही त्यांच्या शाखेच्या खुणा आहेत. परमारांची धार पवारांना मिळाली, हा योगायोग इतका गोड होता की त्यातून 'आम्ही आपल्याच राजधानीत परतलो' ही कथा जन्मली आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या लेखनातून ती पुढच्या ग्रंथांत स्थिरावली. कथा खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. सत्तेला वंशकथेची गरज केव्हा पडते एवढेच इथे पाहण्यासारखे आहे. राज्य आधी मिळते, पूर्वज नंतर सापडतात. जगातल्या बहुतेक राजघराण्यांची बखर याच क्रमाने लिहिली गेली आहे.

समजा, सुप्याच्या पवारांचे नाते परमारांशी होते. मग बाकीच्या पवारांचे काय? महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मराठीच्या कपाटापुढे उभे राहिले तरी हा प्रश्न पडतो. तिथे 'बलुतं' (१९७८) लिहिणारे दया पवार आहेत. अकोले तालुक्यातल्या गावकुसाबाहेरून आलेले, आणि त्या आत्मकथनात दगडू मारुती पवार या आपल्याच जुन्या नावाशी बोलणारे. तिथे दलित पँथरच्या संस्थापकांपैकी एक ज. वि. पवार आहेत. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या चरित्रासाठी २००७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवणारे समीक्षक गो. मा. पवार आहेत. कोल्हापूरचे इतिहासकार जयसिंगराव पवार आहेत. आणि 'आयदान' (२००३) लिहिणाऱ्या उर्मिला पवार आहेत. कपाटाच्या बाहेर पाहावे तर बंजारा समाजात पवार हे मोठे कूळ आहे आणि पारधी समाजातही पवार, भोसले, चव्हाण, काळे ही आडनावे सर्रास आढळतात. शिरूर-दौंडच्या माळरानावर पालात वाढलेला पवार आणि धारच्या राजवाड्यात वाढलेला पवार यांच्यात एकच गोष्ट समान आहे : तीन अक्षरे.

यावर एक ठरावीक उत्तर दिले जाते. 'खरे पवार' आम्ही, बाकीच्यांनी मालकाचे किंवा गावच्या पाटलाचे आडनाव घेतले. हे उत्तर देणाऱ्याच्या ध्यानात येत नाही की त्याने आपल्याच दाव्याचा पाया काढून घेतला. आडनाव असे घेता येते, देता येते, लागते आणि बदलते, हे एकदा मान्य केले की ते रक्ताचा पुरावा उरत नाही. कोणासाठीच उरत नाही. शहाण्णव कुळांच्या ज्या याद्या प्रचलित आहेत त्यासुद्धा एकमेकींशी पूर्णपणे जुळत नाहीत. सोयरीक जुळवताना जुनी माणसे केवळ आडनावावर विसंबत नसत. देवक विचारीत, गाव विचारीत, मामाचे कूळ विचारीत. त्या चौकशीमागची जातीची शिस्त आम्हाला मान्य नाही. पण आडनाव अपुरे आहे हे त्यांना आपल्यापेक्षा नीट कळत होते, हे मान्य केले पाहिजे.

आडनाव आज आहे तसे सक्तीचे आणि स्थिर झाले ते फार जुन्या काळी नव्हे. मराठीतला थोर काव्यव्यवहार आडनावाशिवाय चालला. 'तुका म्हणे', 'नामा म्हणे', 'चोखा म्हणे' एवढी नाममुद्रा पुरेशी होती. तुकोबांचे आडनाव मोरे की आंबिले याची चर्चा चरित्रकारांनी केली. अभंग वाचताना त्या चर्चेची गरज भासत नाही. जुन्या कागदांत माणसाची ओळख 'अमका बिन तमका' अशी बापाच्या नावाने, गावाने आणि हुद्द्याने होते. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, चौगुले ही आज आडनावे म्हणून मिरवणारी नावे मुळात हुद्दे होते. आमच्या केंदूर गावी ज्यांची परंपरा सांगितली जाते त्या कान्हो पाठकांचे 'पाठक' हेही कामाचेच नाव. भीमेच्या काठी पेरणे येथे, कोरेगावच्या १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा जो स्तंभ आहे, त्यावर कोरलेल्या शिपायांच्या नावांत अनेक नावांच्या शेवटी 'नाक' येते. त्या 'नाक'वरून ते सैनिक महार होते हे अभ्यासकांनी ओळखले. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी याच मुलखात माणसाची जात त्याच्या नावातच लिहिली जात होती, त्यासाठी आडनावाची वाट पाहावी लागत नव्हती. पुढे पलटण, शाळा, कोर्ट, रेल्वे आणि खानेसुमारी यांच्या रजिस्टरांत प्रत्येकाच्या नावापुढे एक रकाना आला आणि तो भरणे भाग पडले.

तो रकाना कोणी भरला हा प्रश्न महत्त्वाचा आहे. आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासातले सर्वांत अर्थपूर्ण आडनाव अशाच एका रकान्यातून आलेले आहे. घराण्याचे आडनाव सकपाळ, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे, आणि साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी झालेली नोंद 'भिवा रामजी आंबेडकर'. २०१७ पासून हा दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. जगभर ज्या आडनावाचा जयजयकार होतो ते रक्ताने आलेले नाही. गाव सुटले, शाळा लागली आणि लेखणीने एक शब्द लिहिला. त्या आडनावाचे तेज त्याच्या उगमात नाही, धारण करणाऱ्याच्या कर्तृत्वात आहे.

आडनावांच्या व्युत्पत्तीचा शोध आपल्याकडे नवा नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ग्रामनामे आणि आडनावे यांच्यामागे अफाट श्रम घेतले. त्यांचा ओढा बहुतेक शब्द संस्कृतापर्यंत नेण्याकडे होता, आणि त्यांच्या पुष्कळ व्युत्पत्ती पुढच्या अभ्यासकांना पटल्या नाहीत. परंतु आडनाव हे इतिहासाचे साधन आहे ही दृष्टी त्यांनी दिली. त्या दृष्टीला दुसरी बाजू मिळाली ती इरावती कर्व्यांमुळे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काम करताना त्यांनी महाराष्ट्रातल्या निरनिराळ्या जातींची शारीरिक मोजमापे घेतली. १९६८ मध्ये त्यांनी कैलाशचंद्र मल्होत्रा यांच्यासह महाराष्ट्रातल्या ब्राह्मणांच्या आठ अंतर्विवाही गटांची तुलना प्रसिद्ध केली. समाज ज्यांना एका नावाने ओळखतो आणि एका पायरीवर बसवतो, ते गट शरीरदृष्ट्या एकाच मुळाच्या फांद्या असतातच असे नाही, हा त्यांच्या संशोधनाचा रोख होता. नाव एक, मुळे अनेक. हे डीएनएची यंत्रे येण्याच्या कितीतरी आधीचे काम आहे.

आता त्या यंत्रांविषयी. आडनाव आणि आनुवंशिकता यांची सांगड घालणारे प्रसिद्ध संशोधन इंग्लंडात झाले. तिथे आडनाव बापाकडून मुलाकडे जाते आणि वाय गुणसूत्रही बापाकडून मुलाकडेच जाते. तेव्हा दोहोंचा प्रवास जोडीने झाला असेल का, हा प्रश्न. ऑक्सफर्डचे ब्रायन साइक्स यांनी २००० साली आपल्याच आडनावाच्या पुरुषांची तपासणी प्रसिद्ध केली. 'साइक्स' हे यॉर्कशायर भागातले आडनाव. त्याचा अर्थ ओढ्याशी निगडित आहे. ओढे ठिकठिकाणी असणार, म्हणून हे आडनावही ठिकठिकाणी स्वतंत्रपणे पडले असणार, असा भाषेच्या अभ्यासकांचा कयास होता. आपल्या अनेक शिरूरांसारखाच. प्रत्यक्षात तपासलेल्यांपैकी जवळपास निम्म्या पुरुषांचे वाय गुणसूत्र एकाच पूर्वजाकडे बोट दाखवणारे निघाले. ही बातमी गाजली. उरलेल्या निम्म्यांची बातमी झाली नाही. त्यांचे आडनाव तेच होते, गुणसूत्र वेगळे होते. दत्तक, विवाहबाह्य संतती, आईचे आडनाव लावणे, स्वतंत्र उगम, अशी त्याची अनेक कारणे संभवतात. पुढे २००९ मध्ये लेस्टर विद्यापीठाच्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी चाळीस ब्रिटिश आडनावांचा अभ्यास मांडला. दुर्मीळ आडनावांत एकाच पूर्वजाच्या खुणा भरपूर सापडल्या. पण 'स्मिथ' या सर्वांत सामान्य आडनावाचे दोन पुरुष कोणत्याही दोन अनोळखी पुरुषांइतकेच एकमेकांना परके निघाले. स्मिथ म्हणजे लोहार. प्रत्येक गावाला लोहार असतो. आपला पवार, जाधव, शिंदे, गायकवाड हा व्याप्तीच्या दृष्टीने स्मिथच्या जवळचा आहे.

राजघराण्यांची कथा तर याहून बोलकी आहे. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड १४८५ मध्ये रणात पडला. त्याचा सांगाडा २०१२ मध्ये लेस्टरच्या एका वाहनतळाखाली सापडला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत त्याच्या बहिणीच्या मुली-नातींच्या वंशात, म्हणजे आईकडून लेकराकडे चालत आलेल्या धाग्यात, जुळणी झाली. पुरुषवंशात मात्र झाली नाही. ज्यांची वंशावळ कागदोपत्री चोख होती अशा पाच हयात पुरुषांपैकी एकाचेही वाय गुणसूत्र राजाशी जुळले नाही; त्या पाचांतला एक तर उरलेल्या चौघांशीही जुळला नाही. शिक्के, मुकुट आणि दप्तरे ज्या धाग्याची राखण करीत होती तो मध्येच तुटलेला होता. ज्याची कोणी विशेष राखण केली नाही तो आयांचा धागा पाचशे वर्षे शाबूत होता.

आपल्याकडे तर प्रश्न आणखी वेगळा आहे. हिंदुस्थानातल्या लोकसमूहांच्या जनुकीय संकराविषयीचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन सांगते की सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात इथले पूर्वजसमूह मोठ्या प्रमाणावर एकमेकांत मिसळले आणि त्यानंतर अंतर्विवाहाची कुंपणे घट्ट झाली. आपली आजची आडनावे या घडामोडींच्या पुष्कळ नंतरची. तेव्हा प्रयोगशाळेच्या कोष्टकात जे दिसते ते आडनावाचे मूळ नसते. अतिशय जुनी सरमिसळ आणि त्यानंतरची जातीची भिंत, एवढेच त्यात दिसू शकते. आणि साधा हिशेब करून पाहावा. दहा पिढ्या मागे गेले, म्हणजे साधारण पेशवाईच्या काळात, तर प्रत्येकाच्या वंशवृक्षात १,०२४ पूर्वजांच्या जागा असतात. त्यांपैकी आडनावाची साखळी एकाच जागेपर्यंत पोहोचते. उरलेल्या १,०२३ जागांवरची माणसेही तितकीच आपली असतात. त्यांचे आडनाव आपण लावत नाही, एवढेच. त्यात ज्या समाजात एका देवकाच्या घरांत सोयरीक होत नाही, तिथे दर पिढीला बाहेरच्या कुळातले रक्त घरात आणण्याची व्यवस्था परंपरेनेच करून ठेवली आहे. 'शुद्ध पवार' हा शब्दप्रयोग खुद्द परंपरेच्या नियमांनुसारही अर्थहीन ठरतो.

आडनाव रक्तावर अवलंबून नसते याचा सर्वांत जळजळीत पुरावा मात्र प्रयोगशाळेत नाही, आपल्या आत्मकथनांत आहे. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) बाप कोण हे गावाला ठाऊक आहे. तरी शाळेत बापाचे नाव काय लावायचे हा प्रश्न मुलाचे बालपण पोखरून टाकतो. तिथे रक्त आहे, नावाची परवानगी नाही. 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) लिहिणाऱ्या डॉ. किशोर शांताबाई काळे यांनी नाव आणि आडनाव यांच्या मध्ये आईचे नाव लिहिले आणि बापाच्या रकान्याला आपल्या परीने उत्तर दिले. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचली म्हणजे आडनावाचे खरे स्वरूप कळते. ते एक प्रवेशपत्र आहे, आणि ते कोणाला द्यायचे हे रक्त ठरवत नाही, समाज ठरवतो.

आणि स्त्रियांचे काय? वंशावळीच्या कागदावर त्यांच्यासाठी जागाच नसते. फार तर 'कन्या' म्हणून एक रेघ निघते आणि तिथेच थांबते. या बाबतीत शिरूर या गावनावाने मराठी साहित्याला एक मोठे उदाहरण दिले आहे. १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झाले आणि ही लेखिका कोण म्हणून गदारोळ उठला. पुस्तकावर नाव होते विभावरी शिरूरकर. त्या माहेरच्या बाळूताई खरे. पुढे विश्राम बेडेकरांशी विवाह झाल्यावर मालतीबाई बेडेकर. 'खरे' वडिलांकडून आले, 'बेडेकर' पतीकडून आले. 'शिरूरकर' त्यांनी स्वतः घेतले. मध्यमवर्गीय स्त्रीच्या मनातले जे बोलायचे होते ते बोलण्यासाठी त्यांना या तिसऱ्या आडनावाची गरज भासली. याच नावाने १९५० मध्ये त्यांनी 'बळी' लिहिली, ती गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या सेटलमेंटमधल्या जीवनावर. वाङ्मयाच्या इतिहासात टिकलेले आडनाव या तिहींपैकी ज्याला रक्ताचा वा लग्नाचा काडीमात्र आधार नव्हता तेच आहे.

राज्य सरकारच्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या नावात आधी स्वतःचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम शासकीय कागदांवर आला आहे. निर्णय स्वागतार्ह आहे. पण आईचे नाव आले तरी तिचे माहेर आलेले नाही. आजीचे गाव, पणजीचे कूळ अजून रकान्याबाहेरच आहे.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो हलका नाही. ज्यांच्याकडे जमिनीचे उतारे नाहीत, सनदा नाहीत, त्यांच्याकडे पूर्वजांची म्हणून फक्त आडनावाचीच ठेव आहे. तिलाही तुम्ही निरर्थक ठरवता काय? मुळीच नाही. आडनाव निरर्थक आहे असे आम्ही म्हटलेले नाही. त्यात गाव आहे, हुद्दा आहे, चाकरी आहे, स्थलांतर आहे, कधी अपमान आहे, कधी तो पुसून टाकण्याची जिद्द आहे. ज्यांना दाखल्यासाठी पूर्वजांच्या नोंदी शोधाव्या लागतात त्यांच्या गरजेचीही आम्ही थट्टा करीत नाही. कायद्याने जो पुरावा मागितला तो द्यावाच लागतो. मात्र त्या पुराव्याने कायद्याची अट पुरी होते. माणसाची प्रत ठरत नाही. हा फरक पुसला गेला की आडनावाची चौकशी जातीच्या चौकशीचे सभ्य रूप होऊन बसते. घर भाड्याने देताना, वसतिगृहात खोली ठरवताना, मुलाखतीच्या टेबलावर, 'पूर्ण नाव सांगा' या निरुपद्रवी वाक्यातून काय विचारले जाते हे आमच्या विद्यार्थ्यांना शिकवावे लागत नाही.

म्हणून मराठीच्या शिक्षकांना आमचे एक सुचवणे आहे. पदव्युत्तर वर्गात आडनावांवर प्रकल्प जरूर द्यावा, पण त्याची प्रश्नावली बदलावी. 'तुमचे कूळ कोणते' या प्रश्नाऐवजी, हे आडनाव घरातल्या कोणत्या जुन्या कागदावर प्रथम सापडते आणि तो कागद कशासाठी झाला होता, हे विचारावे. त्याच गावात तेच आडनाव आणखी कोणत्या समाजात आहे याची नोंद करायला सांगावी. आणि आई, आजी, पणजी यांची माहेरची गावे व आडनावे लिहून आणायला सांगावीत. बहुतेकांची लेखणी पणजीपाशी अडेल. ती अडते कुठे हेच प्रकल्पाचे खरे फलित असेल. कागद थांबले तर कानांनी शोधावे. गी पॉयटवाँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमा झालेल्या आहेत. तिथे माहेरची वाट आहे, भाऊ आहे, मामाचे घर आहे. दप्तराने ज्यांना रेघ म्हणून सोडून दिले त्यांनी आपला वंशवृक्ष गळ्यात जपून ठेवला होता.

"कुठले पवार?" हा प्रश्न अशा रीतीने विचारला तर तो वाईट नाही. माणूस कोणत्या वाटेने इथवर आला हे जाणून घेण्याची ती जुनी, आतिथ्यशील रीत आहे. उत्तरात गाव येऊ द्यावे, नदी येऊ द्यावी, आजीचे माहेर येऊ द्यावे. त्या उत्तरात रक्त शोधू नये; तिथे ते कधीच नव्हते.